फुग्यावरची उभट अक्षरं

आपली मुलगी काय काम करते हे कुणाला सांगायची वेळ आली की माधवीताई जरा चाचरायच्या. जयपूरच्या आदर्श नगरातल्या शेजारणींना त्या ‘कंप्यूटर का काम है’ म्हणून वाटेला लावायच्या आणि मिरजेहून भावजयीचा फोन आला की ‘डिझाइनमध्ये आहे’ एवढ्यावर भागवायच्या. खरं सांगायचं तर अनुया अक्षरं काढायची. मालवीय नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर तिने कामासाठी खोली घेतली होती. तिथे बसून ती एकेका ‘भ’च्या पोटात किती मोकळी जागा ठेवायची याचा दिवसचे दिवस विचार करायची. पुढे तो ‘भ’ कुठल्यातरी पुस्तकात, दुकानाच्या पाटीवर नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर जायचा, आणि तो कुणीतरी बसून काढलाय हे वाचणाऱ्याच्या गावीही नसायचं.

माधवीताई स्वतः भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. नवरा चंद्रकांत इथल्या एका रुग्णालयात डॉक्टर म्हणून आला, त्याच्यामागून त्या जयपूरला आल्या, इथल्याच कॉलेजात शिकवत निवृत्त झाल्या. चंद्रकांत गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. अनुयाचा जन्मच इथला, त्यामुळे तिच्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘बस’ अधूनमधून डोकवायचे. पण आईशी ती मराठीतच बोलायची, भांडायचीही मराठीतच.

“अक्षरं तर आधीपासून आहेतच की गं,” माधवीताई एकदा म्हणाल्या होत्या. “तू त्यात नवीन काय करतेस?”

“आवाजही आधीपासून आहेच ना, आई. तरी तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस की मला कळतं, तू आहेस.”

माधवीताईंना ते पटलं नव्हतं.

त्यातून तो ‘सुरू’. सुरूच्या झाडासारखी उंच आणि सडसडीत अक्षरं म्हणून अनुयाने आपल्या त्या फॉन्टचं नाव ‘सुरू’ ठेवलं होतं. एका हिंदी दैनिकाच्या मथळ्यांसाठी तिने तो काढायला घेतला. मथळ्याला जागा थोडी आणि सांगायचं पुष्कळ, म्हणून अक्षरं अंग चोरून उभी राहणारी हवीत, पण ठसठशीतही हवीत. जाडजूड काने म्हणजे अक्षरांचे उभे दांडे, केसासारख्या बारीक आडव्या रेघा, आणि प्रत्येक काना जिथे संपतो तिथे त्याला छोटीशी टोकदार टाच. इंग्रजी अक्षरांच्या पायाशी असते तशी. तिला सेरिफ म्हणतात, हे माधवीताईंना त्या काळात जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकू आलं की पाठ झालं. दोन वर्षं राबून अनुयाने तो फॉन्ट पुरा केला, आणि दैनिकाचे मालक बदलले. नव्या मालकांना गोल, हसरी अक्षरं हवी होती. ‘सुरू’ तसाच राहिला. एका प्रदर्शनात त्याचं पोस्टर लागलं, चार लोकांनी फोटो काढले, संपलं.

 पूर्वी घरी आल्यावर अनुया हातातल्या पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला काहीबाही गिरवत बसायची, ते बंद झालं. माधवीताईंच्या ते लक्षात आलं. मनातल्या मनात त्यांनाही ती अक्षरं उपाशी वाटायची, पण हे त्यांनी जिभेवर येऊ दिलं नाही.

रणजीत आला तो त्या पोस्टरमुळेच. एका रविवारी सकाळी त्याने घरचं फाटक वाजवलं. उंचापुरा, उन्हाने रापलेला, चाळिशीचा माणूस. आमेर आणि बस्सीच्या बाजूला पर्यटकांना गरम हवेच्या फुग्यातून फिरवायचा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत वैमानिक होता, आता स्वतःचा फुगा घेतला होता. तो हिंदीतच बोलत होता, मधूनच जयपूरकडच्या ढुंढाडी बोलीच्या वळणाने.

“फुगा कोरा आलाय, जी,” तो अनुयाला म्हणाला. “पांढरा, दुधासारखा. त्यावर लिहायचंय. तुमची ती लंबी अक्षरं मी पाहिली. ती हवी आहेत.”

“काय लिहायचं? कंपनीचं नाव?”

रणजीत जरा लाजला. “नाही. नाव टोपलीवर छोटंसं लिहीन. फुग्यावर ‘राम राम सा’ लिहायचंय.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मी रोज तिथल्या गावांवरून जातो,” रणजीत सांगू लागला. “पंधरा वर्षं झाली असतील. खाली लोक अंगणात दात घासत असतात, गाई सोडत असतात. आम्ही वरून त्यांच्या घरात डोकावतो, आमचे पाहुणे फोटो काढतात, आणि पुढे जातो. फुग्यावर लिहिलेलं असतं टायरचं नाव, सिमेंटचं नाव, तेही इंग्रजीत. कुणाच्या दारावरून जायचं आणि साधा रामराम करायचा नाही, हे काही बरोबर वाटत नाही.”

माधवीताई चहा आणायला उठल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या मिरजेकडे खेड्यातली म्हातारी माणसं भेटली की ‘रामराम’च म्हणायची; इथे त्याला आदराचा ‘सा’ जोडतात, एवढंच. त्यांना हा माणूस एकदम आवडून गेला.

“पण हीच अक्षरं का?” अनुयाने विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही. तुमचं पोस्टर पाहिलं तेव्हा वाटलं, ही अक्षरं उठून उभी राहिलीत. नमस्कार करताना माणूस उठून उभा राहतो ना, तशी.”

 तो गेल्यावर अनुयाने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, “आई, उन्हाळ्यातला माठ कुठे ठेवलायस?”

माठ टेबलावर आला. अनुयाने कागदाच्या पट्टीवर नेहमीच्या ऐसपैस अक्षरांत ‘राम राम सा’ छापलं आणि माठाच्या पोटाभोवती चिकटवलं. समोरून पाहिलं तर ‘म राम’ एवढंच दिसत होतं. पहिला ‘रा’ डावीकडे पळालेला, ‘सा’ उजवीकडून पाठीमागे गेलेला. अक्षरं लहान केली तर सगळी समोर मावत होती, पण मग माठ मोठा आणि अक्षरं मुंगीएवढी. तिने तिसरी पट्टी चिकटवली, ‘सुरू’तली. अक्षरं उंच होती, माठाचं अर्धं पोट व्यापून उभी होती, आणि तरीही सगळी एका नजरेत मावत होती.

“म्हणजे गोल वस्तूची एकच बाजू एका वेळी दिसते,” माधवीताई म्हणाल्या. त्यांना आपण वर्गात उभ्या आहोत असं वाटलं. “तुला मोठं लिहायचंय आणि सगळं समोर ठेवायचंय. मग रुंदी वाचवायला हवी. उंची फुकट आहे.”

“बस! हेच.” अनुयाचे डोळे पुष्कळ दिवसांनी चमकले.

माधवीताई चष्मा सावरत माठाजवळ वाकल्या. “पण काठाकडची बघ. पहिला ‘रा’ आणि शेवटचा ‘सा’. पृष्ठभाग वळतोय, त्यामुळे ती आणखी बारीक दिसताहेत. मधली बरोबर आहेत. हे कोसाइनचं काम आहे. कडेची जेवढी वळलीत, त्या हिशेबाने रुंद केलीस तर लांबून सगळी सारखी दिसतील.”

अनुया आईकडे बघतच राहिली. मग कागद पुढे सरकवला. “काढून दे.”

माधवीताईंनी आकडे काढून दिले. निवृत्तीनंतर असा कागद त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला होता. त्या संध्याकाळी अनुयाने ‘रा’ची दोन रूपं काढली: एक मधल्या जागेचा सडपातळ, एक कडेचा किंचित भरलेला. शेजारी शेजारी ठेवले तर वेगवेगळे दिसायचे. माठावर चिकटवले की जुळे. माधवीताईंनी माठ पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. इतकी वर्षं मुलांना शिकवलेलं सूत्र अक्षराच्या अंगात जाऊन बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

माठावर जमलं ते कापडावर जमायचं होतं. अक्षरं गडद निळ्या कापडातून कापून फुग्याच्या दोन्ही अंगांना शिवायची होती, आणि ते काम शहराबाहेर आग्रा रस्त्यावर बस्सीला रणजीतच्या मावसबहिणीच्या शेडमध्ये व्हायचं होतं. सोनल तिचं नाव. तंबू-शामियाने शिवण्याचा तिचा मोठा व्यवसाय होता, आणि फुग्याच्या कापडावर शिवण घालायची रीतसर परवानगी तिने मिळवली होती. फुग्याला हात लावण्याआधी जुन्या तंबूच्या कापडावर पूर्ण आकाराची अक्षरं लावून बघू, असं ठरलं. शेडच्या भिंतीवरून ते कापड सोडलं आणि मायलेकी, रणजीत आणि सोनल, सगळे चालत चालत पार आग्रा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेले. हिवाळ्याची सकाळ, शेतांवर धुकं अजून रेंगाळलेलं.

अनुयाने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.  तिने टपरीवाल्याला विचारलं, “भैया, वहाँ क्या लिखा है?”

टपरीवाल्याने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. “दो आम,” तो वाचू लागला, “दो आम, सा.” मग वळून म्हणाला, “सर्दी में आम की दुकान?”

रणजीत खो खो हसत सुटला. सोनलने तोंडाला पदर लावला. माधवीताईंना आधी काही उमगेना. मग त्यांनीही पाहिलं, आणि खरंच, दूरवर सहा-सात काळ्या काठ्या उभ्या होत्या आणि ‘र’च्या जागी स्वच्छ ‘२’ दिसत होता. केसासारखी बारीक शिरोरेघ धुक्याने पिऊन टाकली होती. डोक्यावरची रेघ गेली की दाबून अरुंद केलेला ‘र’ म्हणजे दोनाचा आकडाच, आणि मागे सुटा उरलेला काना-‘म’ कुणीही ‘आम’ असाच वाचणार. २ आम, २ आम.

“परत काढते,” अनुया म्हणाली. चहा घेता घेताच तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने ‘र’ गिरवायला सुरुवात केली.

पुढचे काही आठवडे घरात ‘र’चंच राज्य होतं. शिरोरेघ जाड करावी तर अक्षरांचा उभा डौल जायचा, सगळी ओळ कुंपणासारखी दिसायची. बारीक ठेवावी तर आंबे. अनुयाने रेघ थोडीच जाड केली, पण ती जिथे कान्याला भेटते त्या कोपऱ्यात बारीकशी पाचर भरली, म्हणजे धुक्याने कितीही खाल्लं तरी सांधा उरेल. ‘र’चा तिरका पाय खाली जवळजवळ सरळ उतरवला आणि त्याच्या टोकाला टाच दिली. आणि त्या टाचा! माधवीताईंना त्यांचंच सर्वांत नवल वाटलं. आधी त्या शोभेच्या वाटायच्या, पैंजणासारख्या. पण बस्सीच्या शेतात टाच नसलेला काना आणि टाच असलेला काना शेजारी शेजारी टांगून दुरून पाहिले, तेव्हा टाच नसलेला खालून झिजलेल्या मेणबत्तीसारखा विरघळत गेलेला दिसला. दुसरा मात्र ठाम पाय रोवून उभा होता. टाच स्वतः कुणाला दिसत नव्हती. ती होती म्हणून काना कुठे संपतो ते दिसत होतं, इतकंच.

“जवळून बघितलं तर किती बेढब आहे ही,” माधवीताई शेडमध्ये कापडावरच्या टाचेला हात लावत म्हणाल्या. ती त्यांच्या पावलापेक्षा कितीतरी मोठी होती, आणि टोकं गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेली.

“जवळून बघायला ती नाहीच आहे, आई,” अनुया म्हणाली. “मतलब, काही अक्षरं हातात धरून वाचायची असतात, काही अशी लांबून. लांबून वाचायच्या अक्षराला जवळ खोटं बोलावं लागतं.”

पुन्हा एकदा सगळे रस्त्यापलीकडे गेले. या वेळी टपरीवाल्याला कुणी विचारलंही नाही. त्याने दुधाचं पातेलं खाली ठेवता ठेवता सहज मान वर केली, शेडच्या दिशेने हात जोडल्यासारखं केलं आणि पुन्हा कामाला लागला. अनुयाने आईचा दंड घट्ट धरला.

उड्डाणाचा दिवस माघातला होता. मोहरीची शेतं पिवळीधमक झालेली, सूर्य अजून वर आलेला नाही, आणि बस्सीच्या पुढच्या एका पडीक रानात पांढरं कापड लांबच लांब पसरलेलं. मोठ्या पंख्याने त्यात हवा भरायला सुरुवात झाली. निळी अक्षरं जमिनीवर आडवी पडली होती, सुरकुतलेली, एकमेकांत गुंतलेली. त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं.  कापड हळूहळू फुगत गेलं. एका सुरकुतीतून ‘म’चा काना सरळ झाला. मग रणजीतने बर्नर पेटवला, ज्वाळेचा हुंकार झाला, आणि तो आडवा पडलेला डोंगर उठायला लागला. त्याच्याबरोबर अक्षरंही उठली. पाच मजली इमारतीएवढा फुगा उभा राहिला आणि त्याच्या पोटावर, डोकं मागे टाकल्याशिवाय नजरेत न मावणारं, ‘राम राम सा’ उभं होतं. ताठ, नुकतं झोपेतून उठून अंगण ओलांडून पाहुण्याला सामोरं आल्यासारखं.

 सोनलने आपण घातलेल्या शिवणी शोधायला मान वर केली होती, ती तशीच राहिली.

“चला,” रणजीत अनुयाला म्हणाला. “पहिली फेरी तुमची.”

अनुया मागे सरली. “मी वर गेले तर मला दिसणार नाही. मला खालून बघायचंय, जवळून, लांबून, सगळीकडून. मी जीपमधून मागे येते.” मग आईकडे वळली. “तू जा.”

“मी? या वयात?”

“तुला त्याचं सगळं शास्त्र माहीत आहे. तू घाबरणार नाहीस.”

माधवीताई घाबरल्या, पण गेल्या. वेताच्या टोपलीत चढताना रणजीतने हात दिला. जमीन कधी सुटली ते कळलंच नाही. धक्का नाही, हिसका नाही, फक्त अनुयाचा वर केलेला चेहरा लहान लहान होत गेला. गरम हवा हलकी, म्हणून ती वर जाते, हे त्यांनी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. आता ते वाक्य त्यांना उचलून घेऊन चाललं होतं.

वर पोचल्यावर त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती ही की वारा नाही. मग लक्षात आलं, आपण वाऱ्याबरोबरच चाललोय, त्याच्याच वेगाने. त्यामुळे कानाला तो लागत नाही. बर्नर बंद असला की अशी शांतता पसरायची की खालचं कोंबडं, रहाटाची कुरकुर, दूर कुणाचं तरी खोकणं, सगळं स्वच्छ वर यायचं. त्यांनी मान वर केली. फुग्याचं आतलं पोट दिसलं, पिवळसर उजेडाने भरलेलं. अक्षरं मात्र बाहेरच्या अंगाला होती. त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं.

पहिली वस्ती आली. दोन बायका चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. कुत्री भुंकली. बायका नुसत्या बघत राहिल्या आणि फुगा पुढे सरकला.

माधवीताई खट्टू झाल्या. “वाचता आलं नाही वाटतं,” त्या पुटपुटल्या.

 रणजीत दोरी धरून समोर बघत होता. पण त्याचा जबडा आवळला होता.

पुढे मोहरीचं शेत होतं आणि त्याच्या बांधावर एक म्हातारा उभा होता, घोंगडीत गुरफटलेला. फुगा त्याच्या दिशेने येत होता आणि येता येता अगदी सावकाश स्वतःभोवती वळत होता. म्हाताऱ्याने कपाळावर हात घेतला. आणि मग माधवीताईंना ऐकू आलं, जणू तो टोपलीतच उभा आहे इतकं जवळून, एकेक अक्षर चाचपत वाचणारा जाडाभरडा आवाज:

“रा… म… रा… म…”

मध्ये थोडा थांबला. फुगा आणखी थोडा वळला असावा.

“सा.”

 मग त्या म्हाताऱ्याने घोंगडी सावरली, दोन्ही हात जोडून वर केले, आणि मोठ्याने म्हणाला, “राम राम सा! राम राम!”

वाचत नव्हता तो आता. उत्तर देत होता.

रणजीतने तोंडाभोवती हात धरून ओरडून सांगितलं, “राम राम, बाबा सा!” आणि म्हाताऱ्याने हसत हात हलवला. मग तो वळून शेतापलीकडे कुणाला तरी हाका मारू लागला. त्या हाका फुग्याच्या पुढे धावल्या. पुढच्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या चार घरांच्या वस्तीत, लोक आधीच बाहेर येऊन उभे होते. गोठ्यातून एक बाई शेणाचे हात तसेच जोडून बाहेर आली. गच्चीवर मफलर गुंडाळलेले बाप्ये उभे राहिले. “राम राम सा!” एकाने म्हटलं, मग चौघांनी, मग ते मोजण्यापलीकडे गेलं. फुगा वळत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना शिवलेली अक्षरं आळीपाळीने इकडच्या आणि तिकडच्या वस्तीकडे तोंड करत होती, आणि ज्या बाजूला ती वळत होती तिथून उत्तर येत होतं. जणू कुणी एका गावाकडे बघून नमस्कार करतंय, मग मान वळवून दुसऱ्या गावाकडे.

एका शाळेच्या मैदानात मुलांच्या रांगा लागल्या होत्या. प्रार्थना चालली होती ती मध्येच विस्कटली. सगळ्या शाळेने एका सुरात वाचलं, हिंदीच्या तासाला वाचतात तसं हेल काढून. आणि शिक्षकांनी गप्प करण्याऐवजी स्वतःच हात जोडलेले माधवीताईंनी पाहिले. आग्रा रस्त्यावर एक बस कडेला थांबली होती. खिडक्यांमधून हात बाहेर आले होते.

 माधवीताई टोपलीची कड धरून उभ्या होत्या. खाली पसरलेला सगळा मुलूख, ज्यातलं एकही माणूस त्यांच्या ओळखीचं नव्हतं, त्यांच्याशी बोलत होता; आणि ज्याच्याशी तो बोलत होता ते त्यांना दिसत नव्हतं. त्या ऐकत होत्या फक्त. माठावर चिकटवलेली कागदाची पट्टी त्या माणसांच्या तोंडून आवाज होऊन वर येत होती. आपण कधी म्हणायला लागलो हे त्यांनाच कळलं नाही, पण रणजीतने वळून पाहिलं तेव्हा मिरजेच्या माधवीताई, दोन्ही हात जोडून, मराठी वळणाने, खाली वाकून वाकून म्हणत होत्या, “रामराम! रामराम हो!”

रणजीतच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्याने पुसल्याही नाहीत.

“पंधरा वर्षं ‘टाटा, बाय-बाय’ ऐकलं, माँजी,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं.”

फुगा एका नांगरून ठेवलेल्या शेतात उतरला. टोपली दोनदा आपटली, तिरकी झाली, थांबली. जीप धूळ उडवत आली आणि अनुया उडी मारून उतरली. तिचे केस विस्कटलेले, नाक लाल झालेलं. 

“कशी दिसत होती?” माधवीताईंनी विचारलं.

“खूप लांब होती तेव्हा नुसती निळी बारीक रेघ. मग तिच्यात फटी पडल्या, फटींतून अक्षरं. मग…” अनुया थांबली. “रणजीतजींनी बर्नर लावला की फुगा आतून उजळायचा आणि सगळी एकदम गडद व्हायची, जशी श्वास घेताहेत. आई, ती मी काढलीत असं मला वाटलंच नाही. मी बघत होते, आणि तिथे एक बाई होती, मालन म्हणून, ती मला म्हणाली, बघ बघ, नमस्कार करतोय. ‘लिहिलंय’ म्हणाली नाही. ‘करतोय’ म्हणाली.” तिने आईचे हात धरले. “वर काय झालं? लोकांना कशी वाटली अक्षरं?”

 माधवीताईंना खोटं सांगायचं नव्हतं.

“अक्षरांकडे कुणी बघितलंच नाही गं,” त्या म्हणाल्या. “एकानेही नाही.”

“मग?”

“त्यांनी उत्तर दिलं.”

अनुयाचा चेहरा आधी कोरा झाला, मग थरथरला, आणि मग ती लहानपणी ताप उतरल्यावर हसायची तशी हसली. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

गाव गोळा झालं होतं. फुग्यातली हवा निघत चालली होती, आणि तो ढेकळांवर हळूहळू आडवा होत होता. रणजीतने लोकांना कापडावरून चालू नका म्हणून विनवलं होतं; पण माधवीताई चपला काढून अक्षरांच्या कडेने चालायला लागल्या तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. शिरोरेघेपासून त्या निघाल्या, ‘सा’च्या कान्याशेजारून. कापड उन्हाने कोमट होतं. काना संपतच नव्हता. सोनलच्या दुहेरी शिवणी पायाच्या बोटांना लागत होत्या. शेवटी त्या टाचेपाशी पोचल्या. ती मातीवर दोन्ही बाजूंना टोकं पसरून पडली होती, इथून पाहिली तर नुसता निळा, बेढब तुकडा.

त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. कापडाखाली उरलेली हवा हलली, काना पायापासून डोक्यापर्यंत एकदा उचलला गेला आणि सावकाश खाली बसला. माधवीताई नकळत एक पाऊल मागे सरल्या, झोपलेलं मोठं माणूस कूस बदलतं तेव्हा सरावं तशा, आणि तशाच उभ्या राहून बघत राहिल्या.